गाओ सरांचा पासपोर्ट

सोमवार, १३ मे २०२४

हाउसआर्ट्सने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) आज पहिल्यांदाच पॅरासिटामॉल सोडून दुसरं काहीतरी लिहून दिलं. म्हणजे मलाच लिहायला सांगितलं. रोज नाही जमलं तरी चालेल, पण काय झालं आणि काय वाटलं ते तुमच्या भाषेत लिहा, म्हणाली बाई. मी तिला एवढंच विचारलं होतं की माझे बाबा फेब्रुवारीत गेले आणि मला अजून रडू आलेलं नाही, तर त्यावर काही औषध आहे का. ती म्हणाली, नाही. इतकं सरळ ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर पुण्यात शोधून सापडायचा नाही.

तर काय झालं: ऑफिसला गेले. काय वाटलं: काही नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल कसा आपलाच असतो पण चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललंय माझं. डब्यात काय आहे ते दुपारी उघडेपर्यंत आठवत नव्हतं, आणि डबा मीच भरला होता.

बाबांच्या वेळी मी गेले नाही. आशुतोष नको म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. राघवचा सकाळी फोन आला, म्हणाला, “ताई, बाबा गेले गं.” त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच न्यायचं ठरत होतं. रॉटरडॅमहून पुण्याला पोचायचं म्हणजे काय खायचं काम नाही. शिवाय लेकीची, जुईची, शाळेतली मोठी परीक्षा त्याच आठवड्यात होती. व्हिडिओवर पाहिलं सगळं. मधेच नेट गेलं होतं.

बास. हात दुखला.

शुक्रवार, १७ मे

परवा वाचलं तर वाटलं, कुणी ही वही उघडली तर त्याला मी कुठे काम करते तेही कळायचं नाही. (कोण उघडणार आहे म्हणा.)

आमची कंपनी शुआंगथा प्रॉपर्टीज. चीनमधल्या एका प्रांताच्या सरकारच्या मालकीची. दहाएक वर्षांपूर्वी यांच्याकडे पैसा मावेना म्हणून जगभर इमारती घेत सुटले. इथे मास नदीकाठची आमची काचेची बिल्डिंग घेतली, ग्रोनिंगनला विद्यार्थ्यांची वसाहत घेतली, बाडहूव्हडॉर्पला विमानतळाजवळचं हॉटेल घेतलं. आता वरून हुकूम आलाय, परदेशातलं सगळं विका आणि घरी या. ऑफिसात एकेकाळी माणसांना खुर्च्या पुरत नव्हत्या. आता आम्ही तिघंच उरलो: डेप्युटेशनवर आलेले आमचे साहेब गाओ सर, हिशोब बघणारी फेमके आणि ऑफिस, भाडेकरू, चहापाणी, किल्ल्या असं बाकी सगळं बघणारी मी.

बाबांना याचं भारी कौतुक. “म्हणजे आशूला सरकारी नोकरी लागली म्हणा की!” असं सोसायटीत सांगत फिरायचे. कुठल्या सरकारची ते मात्र खुबीने गाळायचे. अश्लेषा म्हणून नाव ठेवलं स्वतःच, पण जन्मात कधी ते पूर्ण उच्चारलं नाही. लग्नानंतर आशुतोषलाही घरात आशूच म्हणतात हे कळल्यावर ते फोनवर ‘आमची आशू की तुमचा आशू’ असा घोळ मुद्दाम घालायचे.

हे लिहिताना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

बुधवार, २२ मे

आज फेमके पुन्हा तिजोरीवरून भडकली. गंमत अशी आहे की चीनहून डेप्युटेशनवर येणाऱ्या माणसाने आपला पासपोर्ट कंपनीकडे जमा करायचा, असा यांचा नियम. प्रवासाला हवा असेल तर हेड ऑफिसची परवानगी घ्यायची, आल्यावर परत ठेवायचा. तिजोरी गाओ सरांच्या केबिनमध्ये आहे, पण कोड त्यांनाच माहीत नाही. तो फक्त मला आणि फेमकेला माहीत. साहेब रोज स्वतःच्या पासपोर्टकडे पाठ करून बसतात.

“हे या देशात बेकायदा आहे,” फेमके म्हणाली. “माणसाचा पासपोर्ट त्याच्या खिशात हवा.”

गाओ सर हसले. “इथे बेकायदा, तिथे नियम. मी दोन्हीकडे राहतो.”

मला खरं सांगायचं तर यात एवढं आकाश कोसळण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या सासऱ्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. कुठे जायचं झालं की आधी अप्पांना विचारायचं. माझे कागद अजूनही आशुतोषच्या निळ्या फाइलमध्ये असतात. नीट असतात. मी हे सांगितलं तर फेमके माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी साखळदंडासकट ऑफिसला येते. “तू खिडकी उघडायच्या आधीसुद्धा विचारतेस,” म्हणाली. विचारते! तिला थंडी वाजत असली तर? विचारलं म्हणून जीभ झिजते का? आई म्हणायची, विचारून केलं की चूक निम्मी होते.

बुधवार, ५ जून

ग्रोनिंगनची वसाहत विकली गेली. किल्ल्या द्यायला गाओ सर आणि मी गेलो. नवीन मालकाची दोन पोरं आली होती. सगळ्या किल्ल्या त्यांनी एका मोठ्या पिशवीत ओतल्या आणि सायकलवरून गेली. अख्खी इमारत सायकलला अडकवून नेली मेल्यांनी.

येताना गाडीत डबा उघडला. गाओ सर हूनानचे. आपल्या कोल्हापूरकरांनी तिखटाच्या गप्पा यांच्यासमोर मारू नयेत. माझा मिरचीचा ठेचा ते नुसता चमच्याने खातात. मी वाढतच राहते म्हणून ‘पुरे’ हा शब्द त्यांनी शिकून घेतलाय. एवढंच मराठी येतं त्यांना.

खाताना म्हणाले, मुलगी लीड्सला शिकते, आयव्ही, तिचा पदवीदान समारंभ सतरा जुलैला आहे. फोटो दाखवला. यांच्यासारखीच रुंद जिवणी. तिला तीन वर्षांत एकदाच भेटलेत. मग म्हणाले, जुलैच्या शेवटी आपल्याला परत बोलावलंय, अभ्यासवर्गासाठी.

“कसला अभ्यास?” मी विचारलं.

“ग्रोनिंगन इतक्या चढ्या भावात का घेतलं, याचा.”

“पण ते तर तुमच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं ना?”

“सही माझी आहे,” ते म्हणाले आणि ठेच्याची बाटली घट्ट बंद केली. बाटली माझी होती, पण त्यांच्याच बॅगेत गेली.

यांच्या जर्मनीच्या ऑफिसमधले शू सर असेच एप्रिलमध्ये अभ्यासवर्गाला गेले. कंपनीच्या चॅट ग्रुपमध्ये त्यांचं नाव आता दिसत नाही. बदली झाली असेल.

बुधवार, १९ जून

गाओ सरांनी लीड्सला जायला रजा मागितली होती. हेड ऑफिसने नाकारली. परत येण्याआधी खाजगी प्रवास नको, म्हणे. साहेब दिवसभर केबिनचं दार लावून बसले. संध्याकाळी बाहेर आले आणि कुंड्यांना पाणी घातलं. मी सकाळीच घातलं होतं. सांगितलं नाही.

घरी जुईला विचारलं, शाळेच्या निरोपसमारंभाला मी साडी नेसू का? तिने डचमध्ये सांगितलं, “तुला हवं ते कर, मामा.” (इथे आईला मामा म्हणतात.) हे काय उत्तर झालं?

शुक्रवार, २८ जून

दुपारी गाओ सर माझ्या टेबलापाशी आले. फेमके पॅन्ट्रीत कॉफी करत होती. आधी म्हणाले पाऊस फार आहे. मग स्टेपलर उचलून बघितला. मग ठेच्यात लसूण असतो का विचारलं. इतके महिने झाले खाताय, आणि आज विचारताय! ताकाला आले होते आणि भांडं लपवत होते, हे कुणालाही कळलं असतं. शेवटी मीच म्हटलं, “काय हवंय सर?”

“पासपोर्ट,” ते म्हणाले. अगदी हळू. “मंगळवारी संध्याकाळी घेईन, शुक्रवारी परत ठेवीन. सोळा ते एकोणीस जुलै. यूकेचा व्हिसा अजून चालू आहे. फक्त लीड्स. समारंभ बघायचा आणि यायचं.”

“हो, मग, का नाही!” मी म्हणाले. मनापासून म्हणाले. पोरीची पदवी म्हणजे काय लहान गोष्ट आहे? माझ्या पदवीला बाबा सफारी शिवून आले होते.

मग मी म्हणाले, “फक्त एकदा विचारून घेते.”

“कुणाला?”

“हेड ऑफिसला. लिऊ मॅडमना. रजा नाकारताना त्यांना कारण नीट कळलं नसेल. मी दोन ओळी लिहिते, छान समजावून. माणसंच आहेत ती पण.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, रागावतील. पण चेहऱ्यावर राग नव्हता. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. “हं,” म्हणाले. “बरोबर आहे. तू विचार.”

आणि वर “थँक यू” म्हणाले.

सोमवार, १ जुलै

लिऊ मॅडमना मेल केली. शनिवार-रविवार मनात मजकूर घोळवत होते. आपल्या दोन्ही देशांत मुलांच्या शिक्षणाला किती महत्त्व आहे वगैरे. तारखा घातल्या, लीड्स घातलं, व्हिसा चालू असल्याचंही घातलं, म्हणजे त्यांना उगाच शंका नको. पाठवायच्या आधी आशुतोषला वाचून दाखवली. तो म्हणाला, “इंग्लिश चांगलं आहे. पण तू का लिहितेयस? त्याचं तो बघेल ना.” मी म्हटलं, अरे, माझ्याकडे कोड आहे, माझी जबाबदारी आहे. तो म्हणाला, “बघ बुवा.”

चहा होईपर्यंत उत्तर आलं. तुमच्या काळजीपूर्वक कामाबद्दल आभार. कृपया तिजोरी उघडू नये. आपले सहकारी येत आहेत.

सरांना सांगितलं, नाही म्हणाल्या हो. ते म्हणाले, “विचारल्याबद्दल आभार.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? हलकं वाटलं. न विचारता दिला असता आणि उद्या काही झालं असतं, तर सगळं माझ्या अंगावर आलं असतं.

गुरुवार, ४ जुलै

सहकारी आले. दोघं. एक उंच, एक चष्मेवाला. नम्र होते अगदी. बूट पायपुसण्याला पुसून आत आले, जे इथे कुणी करत नाही. मी चहा केला. उंच माणूस म्हणाला, तिजोरी उघडाल का? उघडली. यावेळी विचारायचं कुणाला? हेड ऑफिसच समोर उभं होतं.

चष्मेवाल्याने पासपोर्ट घेतला, पानं चाळली, आपल्या आतल्या खिशात ठेवला. गाओ सर खुर्चीत बसून होते. विमान आज संध्याकाळचंच आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं बहुतेक.

फेमके उठून उभी राहिली. तिचा गळा लाल झाला होता. ती सरांना म्हणाली, “एक शब्द बोला. फक्त एक. मी आत्ता पोलिसांना फोन करते. इथून तुम्हाला कुणी जबरदस्तीने नेऊ शकत नाही.” त्या दोघांनीही सरांकडेच बघितलं.

गाओ सर म्हणाले, “त्याची गरज नाही, फेमके.”

मग त्यांनी ड्रॉवरमधून चहाचा थर्मास काढला, खिडकीतला छोटा कॅक्टस फेमकेच्या टेबलावर ठेवला. मला सुचेना. माणूस प्रवासाला निघालाय तर मी आपली पॅन्ट्रीत जाऊन डब्यातलं थालीपीठ फॉइलमध्ये बांधलं, केळी घातली, बिस्किटं घातली, अजून काय आहे शोधत होते. लिफ्टपर्यंत मागे गेले पिशवी घेऊन. ते हसले आणि म्हणाले, “पुरे, पुरे.” उंच माणसाने पिशवी घेतली.

लिफ्ट गेल्यावर फेमके म्हणाली, “यांना कळलं कसं?”

“काय?”

“तो लीड्सला जायचं म्हणत होता हे. यांना कुणी सांगितलं?”

“सांगितलं कुणीच नाही,” मी म्हणाले. “मी फक्त विचारलं होतं.”

तिने कॅक्टस उचलून दुसरीकडे ठेवला, माझ्याकडे पाठ करून बसली. आता यात माझं काय चुकलं? मी चोरून का काही केलं? सरांना सांगून, त्यांच्यासमोर ठरवून केलं. रजा तर आधीच नाकारली होती, मी उलट त्यांच्या बाजूने रदबदली केली. हे मी तिला सांगितलं, तिच्या पाठीला.

जेवले नाही. भूक होती, पण जेवले नाही. का, ते माहीत नाही.

बुधवार, १७ जुलै

ऑफिसच्या फोनवर एका मुलीचा फोन. “माझे बाबा आहेत का?” मागे खूप गलका, टाळ्या, कुणीतरी माइकवर नावं वाचत होतं.

मी सांगितलं, ते परत गेले, याच महिन्याच्या सुरुवातीला. तुम्हाला नाही का कळवलं?

“ते म्हणाले होते, येतो. म्हणजे बघतो म्हणाले होते. मग फोनच बंद झाला.”

“अभ्यासवर्ग आहे,” मी म्हणाले. “तिथे फोन बंद ठेवावा लागत असेल.”

नावं वाचणं चालूच होतं. मी म्हणाले, “अभिनंदन, बेटा.” तिने फोन ठेवला.

संध्याकाळी राघवचा फोन. “ताई, बाबांचे कपडे अनाथाश्रमात द्यायचे म्हणतेय आई. तू येणार असशील तर ठेवतो काही. चेक्सचा शर्ट, तो स्वेटर.” मी म्हणाले, आशुतोषला विचारून सांगते, कधी जमेल ते. राघव म्हणाला, “तारीख नाही गं विचारत. शर्ट हवाय का विचारतोय.” याला तरी आत्ताच काय घाई झालीय.

शुक्रवार, २ ऑगस्ट

चॅट ग्रुपमध्ये गाओ सरांचं नाव नाही. वर सरकवत गेले, जुने निरोप पण गेलेत. मी त्यांना दिलेली उत्तरं तेवढी राहिलीत. ‘हो सर.’ ‘झालं सर.’ ‘मंगळवारी चालेल सर.’ एखादी बाई एकटीच बडबडतेय असं दिसतं.

फेमकेने राजीनामा दिला. आज शेवटचा दिवस. निघताना माझ्याकडे आली. मला वाटलं, दिलजमाई करायला आली. वरातीमागून घोडं, पण आलं तर खरं. तर म्हणाली, “मला एक कळत नाही. कोड मलाही माहीत होता. त्याने मला का नाही मागितला? मी त्याच मिनिटाला दिला असता. त्याला माहीत होतं मी दिला असता.”

मी म्हणाले, तू कॉफी करत होतीस.

“वर्षभर?” ती म्हणाली.

कॅक्टस घेऊन गेली.

सोमवार, १२ ऑगस्ट

बाडहूव्हडॉर्पच्या हॉटेलच्या विक्रीवर आता मी सही करायची आहे. लिऊ मॅडमचं पत्र आलंय. ‘आपल्या विश्वासार्हतेचा विचार करून.’ पगार वाढणार, बिल्डिंग विकली जाईपर्यंत तरी. आशुतोषने केक आणला. जुईने विचारलं, “मामा, बेन यी नाउ दे बास?” तू आता बॉस झालीस का? हो, म्हटलं. अख्ख्या मजल्याची. मजल्यावर दुसरं कुणीच नाही.

केक बरा होता. आशुतोष म्हणाला, आज बाबा असते तर पेढे वाटले असते. मी म्हणाले, हो. आणि त्याच्या हातातली सुरी घेऊन धुवून टाकली. जुई म्हणाली, अजून मला घ्यायचाय.

गुरुवार, २९ ऑगस्ट

आज सगळं लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

सकाळी खालून रिसेप्शनने कळवलं, एक मुलगी आलीय, आयव्ही गाओ. वर आली. पाठीवर मोठी सॅक, केस बारीक कापलेले, फोटोपेक्षा वाळलेली. रुंद जिवणी मात्र तीच. वडिलांचं काही सामान राहिलं असेल तर न्यायला आले, म्हणाली. सामान होतं. एक खोकं मीच भरून ठेवलं होतं, चीनला पाठवायचं म्हणून. हिवाळी कोट, दोन पुस्तकं, चपला. माझी ठेच्याची रिकामी बाटली, धुतलेली. द्यायला हवं की नको, क्षणभर थांबले. मग ठेवलं तिच्यासमोर.

चहा दिला. काय बोलावं? विचारलं, काही कळलं का बाबांचं? तिने नाही म्हणून मान हलवली. आईशी बोलणं होतं, पण आई फोनवर फक्त हवापाण्याचं बोलते. जेवलीस का, थंडी आहे का. बाबांचं विचारलं की म्हणते, ‘अभ्यास चालू आहे.’

तेव्हा मी सांगून टाकलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण सांगितलं. की त्यांनी पासपोर्ट मागितला होता, तुझ्याकडे यायला. माझ्याकडे कोड होता. मी दिला नाही, हेड ऑफिसला विचारलं. त्यामुळे ते लोक आले. मी केलं ते. मुद्दाम नाही, पण मी केलं.

ती कपाकडे बघत होती. “मला माहीत आहे,” म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“त्या शुक्रवारी बाबांनी फोन केला होता. म्हणाले, मी अश्लेषाकडे पासपोर्ट मागितला. मी चिडले. मला तुम्ही माहीत आहात, बाबा नेहमी तुमच्या गमती सांगायचे. खिडकी, डबा. मी म्हटलं, तिच्याकडे? बाबा, ती विचारणार! ती खिडकी उघडायच्या आधी विचारते. तुम्ही फेमकेकडे का नाही मागितलात?”

“मग?”

“ते म्हणाले, म्हणूनच.”

मला कळलं नाही. तसं म्हणाले तिला.

ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल, पण तिने मला जुईला समजावतात तसं हळूहळू समजावलं. म्हणाली, ते लीड्सला आले असते तर परत गेले नसते. मी जाऊच दिलं नसतं. माझ्या मैत्रिणीच्या काकांना वकील माहीत होता, मी सगळं विचारून ठेवलं होतं. बाबांना ते माहीत होतं. पण तिकडे आजी आहे, आई आहे, आई शिक्षिका आहे. ते इकडे राहिले असते तर तिकडे या दोघींना सगळं झेलावं लागलं असतं. “त्यांना यायचंही होतं आणि यायचं नव्हतंही,” ती म्हणाली. “आणि मला नाही म्हणणं त्यांना लहानपणापासून कधी जमलं नाही. म्हणून त्यांनी कंपनीकडून नाही म्हणवून घेतलं. तुमच्यामार्फत.”

तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे सांगत नाहीये. मला तुमचा राग आहे. त्यांचाही आहे.”

मी म्हणाले, असू दे.

खोकं तिला एकटीला उचलत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून लिफ्टमधून खाली नेलं, ट्रामच्या थांब्यापर्यंत. ट्राम आली. ती चढली. हात वगैरे केला नाही.

वर येऊन बसले. मला त्या शुक्रवारचा त्यांचा चेहरा आठवत होता, राग नसलेला. तो कशाचा होता ते मला दोन महिने सांगता येत नव्हतं. सुटल्याचा होता. फी भरायची शेवटची तारीख पुढे ढकलल्यावर बाबांचा व्हायचा तसा.

आणि तिथे बसल्या बसल्या मला एकदम भीती वाटली. कशाची ते समजेना. म्हणून घरी आले, लवकरच, आणि आशुतोष कॉलवर होता तरी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याने हेडफोन काढला.

मी विचारलं, “बाबा गेले तेव्हा तू मला नको जाऊ म्हणालास ना?”

तो म्हणाला, “आज काय मधेच?”

“सांग ना.”

“मी कुठे नको म्हटलं? अगं, मी तिकीट काढत होतो. इस्तंबूलवरून होतं, दुपारचं. राघवला सांगून बाबांना संध्याकाळपर्यंत ठेवता आलं असतं, तो तयार होता. माझा कार्ड नंबर टाकून झाला होता. तू शेजारी बसून सारखी विचारत होतीस, जाऊ ना? की नको जाऊ? जुईची परीक्षा आहे. जाऊ का? पोचेन का? मी म्हणत होतो, जा. तू पुन्हा विचारायचीस. पाच-सहा वेळा झाल्यावर मला कळलं तुला काय हवंय ते. मग मी म्हटलं, बरं, नको जाऊस.”

मी म्हणाले, “मग मी काय केलं?”

त्याने लॅपटॉप मिटला. कॉल चालू होता, तरी मिटला.

“तू मला थँक्यू म्हणालीस,” तो म्हणाला. “घरात असं कोण म्हणतं गं? सतरा वर्षांत कधी म्हणाली नव्हतीस. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.”

मला ते आठवत नाही. पण म्हणाले असेन.